निलंबन उंचावणे, जीपवर्गीय वाहनांचे

वाहनाची चौकट (चॅसी) आणि तिच्यावरील सर्व भार चाकांवर लवचिकपणे तोलून धरणाऱ्या यंत्रणेला निलंबन (सस्पेन्शन) म्हणतात. स्प्रिंगा, आघातशोषक आणि त्यांना आसाशी व चौकटीशी जोडणारे दुवे हे तिचे मुख्य भाग होत. हे भाग बदलून किंवा त्यांत भर घालून चौकट व आस यांमधील उभे अंतर वाढविणे म्हणजे निलंबन उंचावणे होय. गॅरेजांतील बोलीत त्याला नुसते ‘लिफ्ट’ म्हणतात. २५ ते ५० मिमी.ची वाढ माफक समजली जाते, १०० मिमी.च्या पुढे गेल्यास सुकाणू यंत्रणा, प्रचालक दंड व गतिरोधक या साऱ्यांचीच नव्याने मांडणी करावी लागते आणि ते मूळ वाहन राहत नाही. प्रस्तुत नोंदीत माफक उंचावणीचाच विचार केला आहे.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत हा विषय केवळ हौसेचा नाही. भद्रावती (जुने नाव भांदक) हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणींच्या पट्ट्यात वसले आहे. त्याच्या पूर्वेकडे मोहर्लीमार्गे ताडोबाच्या वनात जाता येते. ताडोबा हे १९५५ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९८६ मध्ये घोषित झालेले अंधारी अभयारण्य त्याला जोडून ताडोबा–अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला व त्याचे गाभा क्षेत्र सु. ६२५ चौ. किमी. आहे. पर्यटकांना या वनात नेण्यासाठी अनेक वर्षे मुख्यतः मारुती जिप्सी या उघड्या वाहनाचा उपयोग होत आला आहे. हे वाहन भारतात डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आले आणि २०१९ मध्ये त्याची सर्वसामान्य ग्राहकांसाठी होणारी विक्री थांबली. त्यामुळे वापरातील जिप्सी दरवर्षी जुन्या होत आहेत, त्यांचे पाटे बसत आहेत आणि ‘गाडी खाली टेकते’ ही तक्रार घेऊन चालक गॅरेजात येतात. त्या तक्रारीवर काय उपाय करावा, याचा परिणाम वाहनातील सहा पर्यटक, मार्गदर्शक व चालक यांच्या सुरक्षिततेवर होतो.

भूप्रदेश व अडथळे : वाहन कोठे टेकते हे पाहिल्याशिवाय उंचावणीचा निर्णय करता येत नाही. वर्धा खोऱ्यातील काळ्या जमिनीत पांदण रस्त्यांवर बंडीच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात व त्यांच्यामध्ये गवताचा कणखर उंचवटा राहतो. वनातील कच्च्या वाटांची स्थिती पावसाळ्यानंतर अशीच असते. पूर्वेस व आग्नेयीस, गडचिरोलीच्या बाजूला, भाताच्या बांध्यांचे धुरे, मामा तलावांच्या पाळी आणि नाल्यांचे तीव्र उताराचे काठ हे अडथळे अधिक. भामरागडजवळ पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या इंद्रावतीस मिळतात. तेथे पावसाळ्यात पुलावरून पाणी जाऊन वाहतूक बंद पडते, हा दरवर्षीचा अनुभव आहे. खाणींच्या परिसरात अवजड मालमोटारींनी पडलेल्या लांबट खड्ड्यांत लहान वाहनाचा पोटाचा भाग घासतो. हे अडथळे वरवर सारखे दिसले, तरी त्यांपैकी काहींवरच निलंबन उंचावण्याचा उपयोग होतो.

कोणती उंची वाढते? : जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप व २०२३ मध्ये भारतात आलेली पाच दारांची जिम्नी या वाहनांना पुढे व मागे अखंड (दृढ) आस असतो. आसाच्या मध्यभागी किंवा किंचित बाजूला विभेदी दंतचक्राची गोल पेटी असते. वाहनाचा जमिनीलगतचा सर्वांत खालचा भाग हाच असल्याने उत्पादकाने दिलेली भूमुक्त उंची (जिप्सी व जिम्नी या दोहोंची २१० मिमी.) येथेच मोजली जाते. अखंड आस चाकांवर थेट टेकलेला असतो. त्याच्या व जमिनीच्या मध्ये निलंबनाचा काही संबंध नसतो. म्हणून स्प्रिंगा कितीही उंच केल्या, तरी विभेदी पेटी एक मिमी.नेही वर जात नाही. चाकोऱ्यांमधला उंचवटा नेमका याच पेटीला लागतो. अशा वाटेवर अडकणाऱ्या वाहनाला उंचावणीचा संच बसवून घेणे म्हणजे छपराची गळती थांबविण्यासाठी दार दुरुस्त करण्यासारखे आहे. चाकोरी सोडून एक चाक उंचवट्यावर व दुसरे कडेला ठेवून वाहन चालविणे, हा चालकांचा जुना उपाय येथे अधिक गुणकारी ठरतो.

पेटीची उंची केवळ टायरांचा व्यास वाढवूनच वाढते व तीही व्यासातील वाढीच्या निम्मीच. जिप्सीला मिळणारे २०५/७० आर १५ हे टायर सु. ६६८ मिमी. व्यासाचे असते. त्याऐवजी २१५/७५ आर १५ बसविल्यास व्यास सु. ७०४ मिमी. होतो व पेटी सु. १८ मिमी. वर जाते. याची किंमतही असते : चाकाचा परीघ सु. ५·३ टक्क्यांनी वाढल्याने एकूण दंतचक्र गुणोत्तर तितकेच कमी होते, चढावर एंजिनाला अधिक ताण पडतो आणि गतिमापक ६० किमी. दाखवीत असताना खरा वेग सु. ६३ किमी. असतो.

निलंबन उंचावण्याने प्रत्यक्षात चौकट, इंधनटाकी, दंतचक्रपेट्या, बंपर व साटा हे भाग वर जातात. त्यामुळे तीन कोन सुधारतात : पुढील चाकाच्या स्पर्शरेषेने बंपरच्या खालच्या कडेपर्यंत होणारा प्रवेशकोन, मागील बाजूचा निर्गमकोन आणि दोन आसांच्या मध्ये पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा उदरकोन. जिम्नीच्या पाच दारी नमुन्यासाठी उत्पादकाने हे कोन अनुक्रमे ३६°, ४६° व २४° असे दिले आहेत. जिप्सीच्या दोन आसांमधील अंतर २,३७५ मिमी. आहे. मध्यावर पोटाची उंची उदाहरणादाखल २५० मिमी. धरली व टायरांचा गोलावा हिशेबात घेतला नाही, तर उदरकोन सु. २४° येतो; ५० मिमी. उंचावल्यावर तो सु. २८° होतो. बांधीचा धुरा, तलावाची पाळ, नाल्याचा काठ हे अडथळे या कोनांशी निगडित असल्यामुळे तेथे उंचावणीचा लाभ खरोखरच होतो. ओल्या काळ्या मातीत मात्र वाहन थांबते ते उंचीअभावी नव्हे, तर पकड सुटल्यामुळे. टायराच्या खाचा चिखलाने भरून ते गुळगुळीत झाल्यावर ५० मिमी. अधिक उंचीचे वाहनही तेथेच फिरत राहते.

पाण्यातून जाताना साटा व एंजिनाचे हवाग्रहण मुख निलंबनाइतके वर जाते, परंतु आस व चाकांचे धारवे पूर्वीइतकेच बुडतात. तापलेल्या विभेदी पेटीला एकाएकी थंड पाणी लागले की आतील हवा आकुंचन पावून पाणी ओढले जाते. म्हणून पेटीची श्वसननळी लांब रबरी नळीने वर नेणे हे स्वस्त काम आधी करावे.

पद्धती : जिप्सीच्या चारही कोपऱ्यांत पट्टी-स्प्रिंगा (पाटे) असून त्या आसाच्या खालून गेलेल्या आहेत. ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या वाहनांत पाटे आसाच्या वरून जातात, त्यांत आस व पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवून मागील बाजू उंचावता येते. जिप्सीत तोच ठोकळा घातल्यास वाहन खाली बसेल. पाटे आसाच्या वर नेऊन बसविण्याचा प्रकारही प्रचलित आहे, पण त्याने सु. १२५ मिमी. उंची वाढते व तो माफक या सदरात येत नाही. पुढील आसावर ठोकळा कोणत्याही वाहनात घालू नये. गतिरोध करताना आसाला पीळ बसतो, ठोकळ्यामुळे त्या पिळाची तरफ वाढते आणि यू-बोल्ट सैल झाल्यास आस सरकून सुकाणूचा ताबा जाऊ शकतो.

शॅकल (पाट्याचे एक टोक चौकटीला झुलते जोडणारी कडी) लांब करणे ही सर्वांत स्वस्त पद्धत होय. शॅकल ५० मिमी. लांब केल्यास आसाजवळ फक्त २५ मिमी. वाढ मिळते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागीच राहते. पुढच्या पाट्याचे शॅकल पुढील टोकाला असेल, तर ते टोक खाली जाऊन आस पुढे झुकतो व सुकाणू खिळीचा मागे असलेला कल (कॅस्टर कोन) घटतो. या कलामुळेच वळणानंतर सुकाणूचक्र आपोआप सरळ येते. तो घटला की वाहन डांबरी रस्त्यावर भरकटते व चालकाला सतत सुकाणू सावरावे लागते. पाटा व आस यांमध्ये योग्य कोनाची पाचर घालून हा दोष दूर करता येतो. लांब शॅकल बाजूच्या दिशेने अधिक हलते, तेव्हा दोन्ही पट्ट्यांना जोडणारा आडवा दुवा नसलेले शॅकल घेऊ नये.

पाट्यांत एक पान वाढविणे ही पद्धत गावोगावच्या पाटे दुरुस्त करणाऱ्यांची आवडती आहे. तिच्यामागील गणित पाहण्यासारखे आहे. सारख्या जाडीच्या पाच पानांत सहावे घातल्यास ताठरता सु. २० टक्क्यांनी वाढते. पूर्वी भाराखाली पाटा १०० मिमी. दबत असेल, तर आता तो सु. ८३ मिमी. दबेल, म्हणजे मिळालेली उंची १७ मिमी. इतकीच. उलटपक्षी, वाहनाच्या उभ्या दोलनाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या दोलनांची संख्या) सु. १·५८ वरून सु. १·७३ वर जाते आणि धक्के तीव्र होतात. ताठर पाट्याचे चाक खड्ड्यात पुरेसे उतरत नाही, त्यामुळे एक चाक अधांतरी राहून पकडही घटते. ज्यासाठी उंची हवी होती तेच साधत नाही. नेहमी पूर्ण भार वाहणाऱ्या वाहनाच्या मागील पाट्यांपुरते पान वाढविणे समर्थनीय आहे. पुढे ते सहसा टाळावे.

अधिक कमान असलेले व ताठरता मुळाइतकीच ठेवलेले नवे पाटे हा सर्वांत योग्य, पण खर्चिक मार्ग होय. येथे एक गोष्ट वारंवार दुर्लक्षिली जाते. वर्षानुवर्षे भार वाहिलेल्या पाट्यांची कमान कायमची कमी होते. अशा वाहनाला मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश व योग्य आघातशोषक बसविले, तर गमावलेली उंची परत मिळते आणि वेगळ्या उंचावणीची गरज पुष्कळदा उरत नाही. आसाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर मोजून ते मूळ मापाशी ताडून पाहणे, ही म्हणून पहिली पायरी मानावी. साटा व चौकट यांमध्ये गुटके घालून फक्त साटा वर उचलण्याच्या पद्धतीने पोटाची उंची मुळीच वाढत नाही. तिचा उपयोग मोठ्या टायरांना जागा करण्यापुरताच आहे.

स्थैर्य : वाहन आडवे कलंडण्यास किती विरोध करते, याचे ढोबळ माप म्हणजे एकाच आसावरील चाकांमधील अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकन शासनाची महामार्ग सुरक्षा संस्था २००१ पासून मोटारगाड्यांचे उलटण्याविषयीचे मूल्यमापन या गुणोत्तराच्या आधारे करीत आली आहे. जिप्सीच्या मूळ नमुन्यात चाकांमधील अंतर पुढे १,२१० व मागे १,२२० मिमी. होते, १९९३ मध्ये ते ९० मिमी.ने वाढवून १,३०० व १,३१० मिमी. करण्यात आले. रिकाम्या वाहनाच्या गुरुत्वमध्याची उंची ७०० मिमी. धरल्यास हे गुणोत्तर जुन्या नमुन्यासाठी सु. ०·८७ व रुंद नमुन्यासाठी सु. ०·९३ येते. आता रुंद नमुना ५० मिमी. उंचावला असे समजू. आस व चाके जागीच राहतात, म्हणून एकूण गुरुत्वमध्य सु. ४० मिमी. चढतो व गुणोत्तर सु. ०·८८ होते. चाके रुंद करून उत्पादकाने जे मिळविले, त्याचा सु. तीन-चतुर्थांश भाग ५० मिमी.ची ‘माफक’ उंचावणी परत घेते. माफक या शब्दाचा अर्थ या हिशेबानंतरच ठरवावा.

भाराचा परिणाम याहून मोठा असतो. जिप्सीचे रिकामे वजन सु. ९८५ किग्रॅ. व भारासह अनुज्ञेय वजन सु. १,५८५ किग्रॅ. आहे. सरासरी ६५ किग्रॅ. वजनाची आठ माणसे म्हणजे ५२० किग्रॅ.; वनपर्यटनाच्या वाहनांत मागील आसने पुढच्यांपेक्षा उंच असल्याने त्यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १,०५० मिमी.वर धरणे वाजवी ठरेल. मग संपूर्ण वाहनाचा गुरुत्वमध्य सु. ८२० मिमी.वर जातो. ज्या आडव्या उतारावर वाहन तत्त्वतः कलंडेल, तो कोन रिकाम्या वाहनासाठी सु. ४३°, भरलेल्यासाठी सु. ३८·५° व भरलेल्या आणि ५० मिमी. उंचावलेल्या वाहनासाठी सु. ३७° येतो. प्रत्यक्षातील मर्यादा याहून बऱ्याच कमी असतात, कारण स्प्रिंगा व टायर खालच्या बाजूला दबतात आणि वळणावरील वेग व खड्ड्याचा हिसका यांची भर पडते. वाघ दिसताच सर्वजण आसनांवरून उठून एकाच बाजूला झुकतात, तेव्हा तर सर्व हिशेब बदलतो. उभे राहण्यास मनाई करण्यामागे प्राण्यांच्या शांततेइतकेच हेही कारण आहे.

जिप्सीच्या जातीचे सुझुकी सॅमुराय हे वाहन अमेरिकेत याच प्रश्नावरून वादात सापडले होते. १९८८ मध्ये तेथील ग्राहक संघटनेच्या मासिकाने ते उलटण्याचा धोका असलेले म्हणून अस्वीकारार्ह ठरविले. वाहन परत मागवावे ही मागणी मात्र शासकीय सुरक्षा संस्थेने त्याच वर्षी फेटाळली. उत्पादकाने १९९६ मध्ये लावलेला दावा २००४ मध्ये तडजोडीने मिटला. चाचणीच्या पद्धतीविषयी मते काहीही असली, तरी अरुंद व उंच वाहनात गुरुत्वमध्याचे महत्त्व किती, ही गोष्ट या वादामुळे सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचली.

आनुषंगिक फेरफार : उंची वाढली की आघातशोषकही तेवढे लांब घ्यावे लागतात. तसे न केल्यास चाक खाली जाताना आघातशोषकच त्याची मर्यादा ठरतो व त्याच्या टोकाच्या जोडण्या तुटतात. गतिरोधकाच्या रबरी नळ्या आस पूर्ण खाली लोंबत असताना ताणल्या जाणार नाहीत, हे वाहन उचलून तपासावे. काही वाहनांत मागील गतिरोधकांचा दाब आस व चौकट यांमधील अंतरावरून ठरविणारी झडप असते. उंचावणीनंतर ती वाहन रिकामे आहे असे ‘समजून’ दाब कमी करते, म्हणून तिचा दुवा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. जिप्सीची शक्ती वाटून देणारी पेटी मुख्य दंतचक्रपेटीपासून वेगळी आहे व पुढील-मागील आसांकडे तिच्यापासून दंड जातात. चौकट वर गेल्याने या प्रचालक दंडांच्या सार्वत्रिक सांध्यांतील कोन वाढतात. दोन्ही टोकांचे कोन समान राहिले नाहीत, तर विशिष्ट वेगाला घरघर व कंपने जाणवतात आणि सांधे लवकर झिजतात.

दिव्यांकडे तर फारच थोड्यांचे लक्ष जाते. वाहनाचा पुढचा भाग मागच्यापेक्षा केवळ २५ मिमी. अधिक उंचावला, तरी ५० मी. अंतरावर प्रकाशझोत अर्ध्या मीटरहून अधिक वर जातो व समोरून येणारा दुचाकीस्वार आंधळा होतो.

वलय-स्प्रिंगांच्या अखंड आसी वाहनांत (उदा., जिम्नी) पद्धत सोपी आहे : किंचित लांब स्प्रिंगा व आघातशोषक. परंतु आसाला आडवे धरून ठेवणारा दांडा तिरपा होऊन आस काही मिमी. एका बाजूला सरकतो. लांबी जुळविता येणारा दांडा बसवून तो मध्यावर आणतात. महिंद्रा थारच्या २०२० च्या नमुन्यात पुढील चाके स्वतंत्रपणे निलंबित आहेत. तेथे उंचावणीने चाकांकडे जाणाऱ्या लहान दंडांचे कोन व चाकांचा आडवा कल दोन्ही बदलतात. म्हणून ५० मिमी. ही जवळजवळ अखेरची मर्यादा समजावी. स्वतंत्र निलंबनात विभेदी पेटी चौकटीला जोडलेली असल्याने पुढील बाजूची भूमुक्त उंची मात्र खरोखर वाढते, हा त्याचा लाभ.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात याच अर्थाला दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १८२ अ प्रमाणे अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रवासी वाहतुकीच्या वाहनांना योग्यता प्रमाणपत्रासाठी तपासणीस हजर व्हावे लागते, म्हणून अशा मालकाने काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही असा बदल अडचणीचा ठरू शकतो. मूळ मापाचे पाटे बदलणे ही मात्र दुरुस्ती होय, बदल नव्हे.

निवड : वनपर्यटनाच्या जिप्सीसाठी मूळ मापाचे नवे पाटे, त्यांना जुळणारे आघातशोषक व मूळ मापाचीच खोल खाचांची टायरे एवढे पुरेसे असते. तिचे मार्ग ठरलेले आहेत, पावसाळ्यात साधारणपणे जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असते आणि भार नेहमीच पुरा असतो; उंचीपेक्षा स्थैर्य येथे मोलाचे. गडचिरोलीच्या आतील भागात एक-दोन माणसे व थोडे सामान घेऊन फिरणाऱ्या वाहनास नाल्यांचे काठ चढावे लागतात. त्याला कमान वाढविलेल्या पाट्यांनी ४० मिमी.पर्यंत उंचावणे व दंतचक्रपेट्यांखाली जाड पत्र्याचे संरक्षक कवच बसविणे उचित ठरते. मुख्यतः महामार्गावर धावणारे वाहन उंचावू नये.

नवे पाटे पहिल्या काही आठवड्यांत १० ते १५ मिमी. बसतात, म्हणून उंचीचे अंतिम माप व दिव्यांची जुळणी त्यानंतर करतात. यू-बोल्ट मात्र पहिल्या २०० ते ३०० किमी. धावेनंतर, वाहन भरलेले व सपाट जमिनीवर उभे असताना, पुन्हा आवळावे लागतात. बुशांचे बोल्टही चाके जमिनीवर टेकलेली असतानाच अखेरचे आवळावे. वाहन उचललेल्या स्थितीत ते आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहून थोड्याच दिवसांत फाटते.